स्पोर्ट्‌स कारला छोटी नंबर प्लेट, कायद्यात राहून (ब्रिटन)

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी दोन सीटची, ब्रिटनमध्येच विकली गेलेली, २००६ ची. नंबर सात अक्षरी; धाग्यापुरता एबी५६ सीडीई धरा. पुढचा बंपर इतका गोल आहे की ५२० × १११ मिमीची नेहमीची प्लेट मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोकं अधांतरी राहतात. खालची कड रेडिएटरच्या तोंडावर येते ती वेगळीच.

कायद्यात राहून प्लेट किती लहान करता येईल? आणि नेटवर 'इम्पोर्ट साइज' म्हणून बारीक अक्षरांची प्लेट सर्रास मिळते, ती लावली तर एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) काय होईल?

नियमबुवा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे: लावू नका. तुमच्या गाडीला ती सवलत नाही. का नाही, ते खाली कोणीतरी विचारेलच, तेव्हा लिहीन.

आता पहिला. नियम २००१ चे आहेत, नोंदणी क्रमांक कसा दाखवायचा याचे. त्यात प्लेटची लांबी-रुंदी ठरवलेली नाही. ठरवलं आहे ते अक्षरांचं माप आणि त्यांच्याभोवतीची मोकळी जागा. ५२० × १११ हा बाजाराचा पायंडा आहे, कायद्याचा आकडा नव्हे. म्हणजे अक्षरांना हात लावायचा नाही, भोवतालची रिकामी पट्टी हवी तेवढी छाटायची. तीही एका मर्यादेपर्यंतच.

मापं अशी (इथे 'अक्षर' म्हणताना आकडाही धरा):

उंची ७९ मिमी
रुंदी ५० मिमी (१ हा आकडा आणि आय हे अक्षर सोडून)
रेघेची जाडी १४ मिमी
दोन अक्षरांतलं अंतर ११ मिमी
दोन गटांतलं अंतर ३३ मिमी
वर, खाली आणि दोन्ही बाजूंना कडेपर्यंत किमान ११ मिमी
दोन ओळींची प्लेट असेल तर ओळींमध्ये १९ मिमी

तुमच्या नंबराचा हिशोब: सात अक्षरं × ५० = ३५०. पहिल्या गटात चार अक्षरं, म्हणजे तीन फटी, ३३. दुसऱ्यात तीन अक्षरं, दोन फटी, २२. गटांमध्ये ३३. एकूण ४३८. दोन्ही कडांचे २२ मिळवले की ४६०. उंची ७९ + २२ = १०१.

म्हणजे ४६० × १०१. त्याखाली एक मिलिमीटरही नाही.

कोकणी_पिस्टन

+१. यात एक पुस्ती. नंबरात १ असेल तर नशीब उघडलं. १ म्हणजे नुसती १४ मिमीची उभी पट्टी, त्यामुळे प्रत्येक १ मागे ३६ मिमी वाचतात. एबी१२ सीडीई असता तर ४२४. मार्च ते ऑगस्ट २०११ मध्ये नोंदलेल्या, म्हणून नंबरात '११' हा वर्षाचा आकडा असलेल्या गाड्यांना दोन एक, म्हणून ३८८ मध्ये काम होतं.

आणि नंबर मुळातच आखूड असेल तर दर अक्षरामागे ६१ मिमी वजा (५० अक्षराचे, ११ फटीचे). ए२३ बीसीडी सारखा सहा अक्षरी जुना नंबर ३९९ मध्ये बसतो.

अवांतर: उत्तर आयर्लंडच्या नंबरांत आय किंवा झेड हमखास असतो आणि वर्षाचा आकडा नसतो. त्यातला आय वाला नंबर घेतला की अक्षरंही बारीक आणि गाडीचं वयही झाकलेलं. छोट्या प्लेटसाठी कायदेशीर 'शॉर्टकट' कुठला असेल तर हाच. नंबर विकत घ्यावा लागतो एवढंच.

हातोडी

दोन ओळींचा विचार केलात का? वर एबी५६, खाली सीडीई.

नियमबुवा

रुंदी ४ × ५० + ३३ + २२ = २५५. उंची दोनदा ७९, मध्ये १९, कडांचे २२, मिळून १९९. बाजारात २७९ × २०३ ची तयार मिळते, तीच छाटून २५५ × १९९ करता येते. पुढे एका ओळीत आणि मागे दोन ओळींत असं चालतं, उलटही चालतं. पण पुढे रेडिएटरचं तोंड वाचवायचं असेल तर २०० मिमी उंचीचा फळा लावून काय साधणार? दोन ओळी मागच्या चौकोनी खाचेसाठी ठीक.

मिडलँड्सकर

इम्पोर्ट साइजचं मी विचारतो. यूनोस रोडस्टर, स्कायलाइन वगैरे जपानहून आणलेल्या गाड्यांवर बारीक अक्षरं दिसतात, त्या सगळ्या बेकायदा का?

नियमबुवा

सगळ्या नाहीत. सवलत आहे, पण तिला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली: गाडी बाहेरून आणलेली हवी आणि तिला युरोपीय समुदायाची संपूर्ण वाहन मान्यता (टाइप अप्रूव्हल) नसावी. दुसरी: गाडीची घडणच अशी हवी की नेहमीच्या मापाच्या अक्षरांची प्लेट बसूच शकत नाही. तेव्हाच ६४ मिमी उंच, ४४ रुंद, १० जाडीची रेघ आणि अक्षरांत १० अंतर, हे माप वापरता येतं.

जपानी गाडीचं उदाहरण घ्या. तिकडची प्लेट ३३० × १६५ मिमी, मागच्या पत्र्यातली खाच त्याच मापाची. एका ओळीला ४६० लागतात, बसत नाही. दोन ओळींना १९९ उंची लागते, तीही बसत नाही. झाली दुसरी अट पूर्ण. अमेरिकी गाडीची खाच तर त्याहून लहान, ३०५ × १५२.

पण त्याच जपानी गाडीच्या पुढच्या बंपरवर ४६० ची जागा असेल, तर पुढे बारीक अक्षरं लावायला आधार उरत नाही. मागे बारीक, पुढे पूर्ण, असंच लावा. दिसायला विजोड दिसतं हे खरं.

'बसत नाही' आणि 'शोभत नाही' यात फरक आहे. गोल बंपर हे कारण ब्रिटनमध्ये विकलेल्या गाडीला चालत नाही, कारण पहिल्याच अटीवर ती बाद होते. इथे जुळवलेली किट कारही बाद, ती आयात नाही.

पाना१३

मान्यता आहे की नाही ते घरबसल्या बघायचं तर व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) हातात घ्या. 'के' या रकान्यात टाइप अप्रूव्हलचा क्रमांक असतो. तो लहान लिपीतल्या 'ई' ने आणि देशाच्या आकड्याने सुरू होत असेल (ई११ म्हणजे ब्रिटन, ई१ जर्मनी) तर युरोपीय मान्यता आहे, विषय संपला. रकाना कोरा आहे एवढ्यावरून मात्र उड्या मारू नका. इथेच विकलेल्या जुन्या गाड्यांचाही तो कोरा असतो. कोरा रकाना आणि सोबत आयातीचे कागद, असं दोन्ही हवं.

विकणाऱ्याच्या संकेतस्थळावर 'माझी गाडी आयात आहे' या चौकटीत टिचकी मारली म्हणून प्लेट कायदेशीर होत नाही. रस्त्यावर जबाबदारी चालवणाऱ्याची.

तिसरा_गिअर

'के' रकाना ई११ नेच सुरू होतोय. म्हणजे ४६० × १०१. ही मागवायची कुठून आणि कशी? दुकानात ५२० चीच दाखवतात.

पाना१३

डीव्हीएलएकडे (सरकारी वाहन नोंदणी खात्याकडे) नोंद असलेल्याच पुरवठादाराकडून. तो तुमचं ओळखपत्र (लायसन्स किंवा पासपोर्ट) आणि गाडीवरचा हक्क दाखवणारा कागद (व्ही५सी, नवीन मालक असाल तर त्याचा हिरवा तुकडा, विकत घेतलेला खाजगी नंबर असेल तर त्याच्या हक्काचा व्ही७५० किंवा व्ही७७८) मागतो. जो काहीच मागत नाही, 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी तळटीप टाकतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मागवताना मिलिमीटरमध्येच सांगा. इंचाने घात होतो. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. तुमच्या ४३८ च्या मजकुरामागे १९ उरले, म्हणजे कडेला साडेनऊ-साडेनऊ. डोळ्यांना कळणार नाही, पट्टीला कळेल. उंचीला चार इंच म्हणजे १०१.६, ती चालते.

माझं मत विचाराल तर अगदी ४६० वर छाटू नका, ४६४ × १०४ मागवा. फिल्म चिकटवताना आणि कापताना एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच. मजकूर मध्यापासून दीड मिमी सरकला की एका कडेला साडेनऊ आणि दुसरीला साडेबारा, आणि प्लेट नापास. चार मिमी जास्तीचे तुमच्या बंपरला जाणवणार नाहीत.

हातात आल्यावर तपासा: मजकुराची रुंदी ४३८, उंची ७९, चारही कडांना ११ च्या वर, गटांत ३३. ३३ चं बघाच बघा. छोटी प्लेट बनवताना कारागिराचा हात तिथेच चोरी करतो, ३३ चे २२ करतो आणि प्लेट आणखी आखूड झाल्याचा आनंद तुम्हालाही होतो. शिवाय खाली मधोमध पुरवठादाराचं नाव आणि पोस्टकोड, कोपऱ्यात बीएस एयू १४५ई हा मानकाचा क्रमांक आणि प्लेटचा माल बनवणाऱ्याची खूण. १ सप्टेंबर २०२१ पासून नव्याने बसवलेल्या प्लेटला 'ई' हवाच, 'डी' चालत नाही. अक्षरं एकाच गडद काळ्या रंगाची. उठावाची चालतात, पण राखाडी सावली किंवा दुरंगी कड असलेली नाहीत.

मिडलँड्सकर

देशाच्या खुणेची निळी किंवा हिरवी पट्टी डावीकडे हवी असेल तर?

पाना१३

तिला वेगळी जागा लागते, ११ च्या मोकळ्या कडेत ती घुसवता येत नाही. हिरवी पट्टी (शून्य उत्सर्जनाच्या गाड्यांची, डिसेंबर २०२० पासून) ऐच्छिक आहे, सोडून द्या. युरोपात जाताना 'यूके' ची खूण लागते, तिच्यासाठी मागे वेगळा स्टिकर लावा. स्पेन, सायप्रस आणि माल्टाला प्लेटवर खूण असली तरी स्टिकर लागतोच, तेव्हा छोट्या प्लेटवाल्याचं नुकसान काही नाही.

कोकणी_पिस्टन

बसवण्याबद्दल लिहितो, कारण खरी फजिती तिथे होते.

छोट्या प्लेटला स्क्रू मारायला जागाच नाही. कड ११ मिमीची आणि स्क्रूची टोपी साधारण १२-१३ ची, म्हणजे टोपी अक्षरावर चढणार. काळी टोपी अक्षराला चिकटली की सी चा जी, एफ चा ई होतो, हा गुन्हाच. राहिली गटांमधली ३३ ची फट. तिथे एक वर, एक खाली असे दोन पांढऱ्या टोप्यांचे स्क्रू बसतात (मागे पिवळ्या), पण मग प्लेट फक्त मध्यावर धरलेली राहते आणि ताशी ७० मैलांना टोकं फडफडतात. अॅक्रिलिकला भोकापाशी तडा जातो. म्हणून दुतर्फी फोम टेप, आणि चोरीच्या भीतीपोटी हवाच तर मध्ये एखादा स्क्रू.

स्क्रू मारणार असाल तर भोक स्क्रूपेक्षा दीड-दोन मिमी मोठं पाडा. अॅक्रिलिक उन्हाथंडीत चांगलंच फुगतं-आकसतं. ४६० मिमीची प्लेट ४० अंशांच्या फरकाला सव्वा मिमीने कमी-जास्त होते. घट्ट भोकात ती जागा तडा देऊनच मिळवते. भोक पाडताना मागे लाकडी फळी, ड्रिल हळू, वरून दाब कमी.

आता गोल बंपर. प्लेट वाकवून चिकटवू नका. तीन मिमीचं अॅक्रिलिक वाकलेल्या अवस्थेत सतत ताणाखाली राहतं, टोकाकडून टेप सोडवत जातं आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत सुटतं. हीट गनने मऊ करून वाकवलं तर मागची परावर्तक फिल्म सुटते आणि बुडबुडे दिसतात. योग्य रस्ता म्हणजे मागे सपाट बैठक तयार करणं:

पुठ्ठ्यावर ४६४ × १०४ कापून बंपरवर धरा, स्पिरिट लेव्हलने आडवा करा, मास्किंग टेपने कोपरे खुणा. मध्य टेकवून दोन्ही टोकांना किती फट राहते ती मोजा. समजा १२ मिमी. तीन-चार मिमी जाडीच्या काळ्या एबीएस (कडक प्लास्टिकच्या) पत्र्याची प्लेटपेक्षा सगळीकडून दोन मिमी लहान बैठक कापा आणि तिच्या मागे टोकांकडे इपीडीएम रबराच्या पाचरी लावून फट भरा. बैठक बंपरला जुन्याच भोकांतून बोल्ट करा, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट. प्लेट त्या बैठकीवर टेपने.

टेपची तयारी: दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. टायर-प्लास्टिक चकाकवणारं सिलिकॉन बंपरवर असेल तर आधी ते काढा, त्यावर जगातली कुठलीच टेप धरत नाही. खडबडीत काळ्या प्लास्टिकवर प्रायमर हवा. तापमान १० अंशांच्या वर, २० च्या आसपास असेल तर उत्तम. टेप चार कोपऱ्यांत ठिपके देऊन नव्हे, सगळ्या कडेने अखंड चौकट आणि मध्ये दोन उभ्या पट्ट्या अशी लावा. नाहीतर प्रेशर वॉशरचं पाणी मागे शिरून उचलतं. हाताने घट्ट दाबा. एका दिवसात बहुतेक जोर येतो, पूर्ण जोर यायला ७२ तास. तोवर धुणं नाही.

हातोडी

धातूची ठोकीव प्लेट जास्त बरी नाही का? ती वाकते तरी.

कोकणी_पिस्टन

मानकाचा शिक्का असेल तर ती कायदेशीर आहे, पातळ आहे, तडा जात नाही. हलका बाक देता येतो. जास्त वाकवली की बाजूने बघताना कडेची अक्षरं चेपलेली दिसतात, आणि नंबर ठरावीक अंतरावरून, ठरावीक कोनातून वाचता आलाच पाहिजे ही अट आहेच. डोळ्यांची परीक्षा २० मीटरवरून घेतात, तोच अंदाज ठेवा: गाडीपासून २० मीटर जाऊन डावी-उजवीकडे सरकून बघा. शेवटचं अक्षर वळणाआड जात असेल तर बैठकच करा.

नियमबुवा

जागेबद्दल दोन शब्द. पुढची प्लेट गाडीच्या पुढच्या भागाला पक्की हवी, उभी किंवा शक्य तितकी उभी. डॅशबोर्डवर काचेआड ठेवलेली चालत नाही, नाकाखाली आडवी झोपवलेली चालत नाही. मध्याच्या डावी-उजवीकडे सरकवायला बंदी नाही; काही इटालियन गाड्या कारखान्यातूनच तशा येतात. तेव्हा रेडिएटरचं तोंड मोकळं ठेवायचं असेल तर बाजूला सरकवणं हा छाटण्यापेक्षा मोठा फायदा. फक्त रडार क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी यंत्रणा) किंवा पार्किंग सेन्सर असेल तर त्याच्यासमोर येऊ देऊ नका.

मागे सरकवताना मात्र दिव्याचं बघा. मागची प्लेट रात्री उजळलेली लागते. कारखान्याचे दिवे मूळ जागेवरच प्रकाश टाकतात. प्लेट खाली, मागच्या बंपरखालच्या डिफ्यूझरजवळ नेली आणि दिवा वरच राहिला की एमओटीत अडकाल.

तिसरा_गिअर

आणि समजा पकडलं तर होतं काय?

नियमबुवा

दंड कमाल १,००० पौंड. बहुतेक वेळा जागेवरची दंडपावती मिळते. एमओटीत प्लेट तपासणीच्या यादीतच आहे, माप आणि अंतर चुकलं की नापास. तीन वर्षांच्या आतल्या गाडीला एमओटी नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पोलिसांना गाडीचं वय लागत नाही. खाजगी नंबर असेल तर डीव्हीएलए तो काढूनही घेऊ शकते. चार आकडी रक्कम मोजून घेतलेला नंबर फट चोरल्यापायी जाणं परवडणारं नाही. नंबर मुद्दाम झाकणं किंवा वाचता न येण्याजोगा करणं हा वेगळा गुन्हा. फिरणाऱ्या, वर उचलल्या जाणाऱ्या प्लेटा आणि धुरकट आवरणं त्यात येतात, तिथे मापाचा वादच नाही.

हातोडी

काळी-रुपेरी जुन्या धाटणीची लावली तर ती लहान चालते ना?

नियमबुवा

रंगाचा आणि मापाचा संबंध नाही. काळी प्लेट १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या गाडीलाच. २००६ च्या गाडीला नाही.

पाना१३

@तिसरा_गिअर, जुनी ५२० ची काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, बंपरचा रंग जातो. हेअर ड्रायरने कोमट करा, मासेमारीची नायलॉन दोरी मागून करवतीसारखी ओढत न्या. उरलेली टेप अंगठ्याने गोळा होते, चिकटा डांबर काढायच्या द्रवाने. मोकळी झालेली भोकं बैठकीखाली झाकली जाणार नसतील तर रबरी बूच मारा.

आणि जुनी प्लेट आख्खी फेकू नका, नंबराच्या मधून तोडून टाका. नंबर चोरून दुसऱ्याच गाडीवर लावायचे धंदे चालतात, टोलची आणि कॅमेऱ्याची बिलं मग तुमच्या घरी.

तिसरा_गिअर

४६४ × १०४, अॅक्रिलिक, पट्टीशिवाय, एबीएसच्या बैठकीवर. पुठ्ठा कापून बघितला, टोकाला फट ९ मिमी येतेय. पाचरी तेवढ्याच जाडीच्या घेऊ की थोड्या जास्त?

कोकणी_पिस्टन

११ च्या घ्या. बोल्ट आवळला की रबर दोनेक मिमी दबतं. टोकांकडून मध्याकडे थोडं-थोडं आवळा आणि बैठकीवर पट्टी उभी धरून बघा. मध्ये उजेड दिसला तर टोकं जास्त उंच आहेत, पाचर घासून कमी करा.